टॉलस्टॉयचा ‘ट’ कोणाचा?

रशियन माणसाच्या नावाला मराठीत यायचे असेल तर त्याला आधी लंडनला जावे लागते. तिथे त्याची सगळी अक्षरे काढून घेतात, इंग्रजी सव्वीस अक्षरांतून कशीबशी जुळवून दुसरी देतात, आणि मग ते नाव आपल्या दाराशी येऊन उभे राहते. आपण ते उचलतो, इंग्रजी शाळेत शिकल्याप्रमाणे वाचतो, आणि देवनागरीत लिहून मोकळे होतो. स्वातंत्र्य मिळून पाऊणशे वर्षे उलटली, तरी हा फेरा चुकलेला नाही. आणि यात काही चुकते आहे असे म्हटले, की आपले विद्वान असे पाहतात की जणू आपण त्यांच्या घरातले फर्निचर हलवायला निघालो आहोत.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, शाळेत मुले हाकणारी आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी बाई. रशियन भाषा मला येत नाही. पण तिची तेहेतीस अक्षरे मला वाचता येतात, आणि ती शिकायला मला एका दिवाळीच्या सुट्टीहून अधिक वेळ लागला नाही. त्या तेहेतीसांपैकी दोघांना स्वतःचा उच्चारच नाही. म्हणजे शिकायची एकतीसच. ज्या संपादकांनी, अनुवादकांनी आणि पाठ्यपुस्तककारांनी आयुष्यभर रशियन नावे छापली, त्यांना ही सुट्टी कधी मिळाली नाही याचे मला नवल वाटते.

आधी इंग्रजीचे पाहू, कारण सगळा घोळ तिथे सुरू होतो. १९५५ साली रशियाचे जे नेते बुल्गानिन यांच्याबरोबर हिंदुस्थानात आले, त्यांचे आडनाव रशियनमध्ये सहा अक्षरांचे आहे. इंग्रजीत ते दहा अक्षरांचे होते. जर्मनांनी तर तेरा लावली. या वाढीचे कारण त्या नावातले एकच अक्षर आहे. तीन दांडे, खाली आडवी रेघ आणि तिला उजवीकडे छोटे शेपूट, असे त्याचे रूप. मॉस्कोकडचा माणूस त्याचा उच्चार लांबवलेल्या मृदू ‘श’सारखा करतो. या एका अक्षरासाठी इंग्रजीला एस, एच, सी, एच अशी चार अक्षरे खर्चावी लागतात आणि जर्मनला सात. इंग्रजीतली चार अक्षरे वाचून आपण ‘श्च’ म्हणतो, आणि आरंभीचे के-एच पाहून ‘ख’ म्हणावे की ‘क’ म्हणावे हे न कळून ‘क्रुश्चेव्ह’ लिहितो. शेवटचा स्वर तर मुळात ‘ए’ नाहीच, तो ‘यो’ आहे. त्या अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबे असतात. १७८३ मध्ये राजकन्या दाश्कोवा यांच्या अध्यक्षतेखाली रशियन अकादमीत हे अक्षर सुचवले गेले. पण छापताना रशियन लोक स्वतःच ती टिंबे गाळतात, म्हणून इथे इंग्रजांचा दोष अर्धाच मानला पाहिजे. गोर्बाचेव यांचेही तेच झाले. त्यांच्या देशात ते ‘चोफ’ होते, जगात ‘चेव्ह’ म्हणून गेले.

इंग्रजीने रशियन ध्वनी लिहिताना जिचा टेकू घेतला आहे ती म्हणजे एच. ‘श’ला एच, ‘च’ला एच, घशातून खरवडून येणाऱ्या ‘ख’ला एच, आणि इंग्रजी ‘प्लेझर’ या शब्दात जो मऊ ध्वनी आहे त्याला झेड-एच. हा शेवटचा ध्वनी इंग्रजांच्या तोंडात आहे, पण त्याला त्यांच्या लिपीत घर नाही, म्हणून झेड-एच ही जोडी मुद्दाम बांधून काढावी लागली. आता गंमत अशी की खुद्द रशियन भाषेत ‘ह’ हा वर्णच नाही! परदेशी ‘ह’ आला की जुन्या रिवाजाने ते ‘ग’ लिहितात. शेक्सपीयरचा राजपुत्र तिथे ‘गाम्लेत’ होतो. कोझिन्त्सेव या दिग्दर्शकाने १९६४ मध्ये त्याच्यावर काढलेल्या चित्रपटाचे नावही तेच. हेगेल ‘गेगेल’ होतो, आणि आपला हिमालय ‘गिमालाई’. नेहरूंचा ‘ह’ तर त्यांनी सरळ गिळून टाकला, ते तिकडे ‘नेरू’ आहेत. म्हणजे ज्या भाषेत ‘ह’ नाही, तिची माणसे इंग्रजीत ‘एच’चा हात धरल्याशिवाय उभी राहू शकत नाहीत.

दुसरा राबणारा गडी म्हणजे वाय. याल्टा शहरात तो ‘य’ आहे. टॉलस्टॉयच्या शेवटी तो अर्धा ‘य’ आहे. सोल्झेनित्सिनमध्ये तो एक निराळाच स्वर आहे; जीभ मागे ओढून ‘इ’ म्हणावी तसा, जो आपल्याकडेही नाही आणि इंग्रजांकडेही नाही. आणि दोस्तोयेवस्कीच्या शेवटी दोन रशियन अक्षरांचे मिळून एक वाय झाले आहे. चार जागी चार कामे, आणि पगार एकच. वाचणाऱ्याने कोणत्या वायच्या मागे कोण दडले आहे हे ओळखायचे कसे? ओळखता येत नाही. मूळ अक्षरे माहीत असणारालाच ते ओळखता येते, आणि त्याला त्या वायची गरज नसते.

यावर कोणी म्हणेल की यासाठी नियम आहेत. आहेत ना! नियमांची टंचाई कधीच नव्हती. ब्रिटिशांनी १९५८ मध्ये आपले प्रमाण ठरवले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत वेगळी, तिच्यात जोडअक्षरांच्या डोक्यावर कमानी बांधतात. आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेने १९५४ पासून आपले प्रमाण काढले, पुन्हा पुन्हा बदलले, आणि १९९५ मध्ये असे केले की एका रशियन अक्षराला एकच रोमन अक्षर, मग त्यासाठी त्या अक्षराला टोप्या घालाव्या लागल्या तरी बेहत्तर. हे शेवटचे तर्काला धरून आहे, पण ते वापरणारा सामान्य वाचक मी तरी पाहिलेला नाही. कारण त्या पद्धतीने चेखोव लिहिला तर तो टोपीवाल्या ‘सी’ने सुरू होतो आणि पुढे ‘ख’च्या जागी नुसता एच उभा असतो. फ्रेंच ग्रंथालयात तोच लेखक ‘टी’च्या कप्प्यात, जर्मनांकडेही ‘टी’च्या, इंग्रजांकडे ‘सी’च्या. एक मनुष्य, क्षयाने चव्वेचाळिसाव्या वर्षी गेलेला, आणि मेल्यानंतरही त्याला एका जागी स्वस्थ पडू देत नाहीत.

शिवाय रूढीचे भूत आहेच. चायकोवस्की इंग्रजीत टी-सी-एचने सुरू होतो, कारण तो फ्रेंच वळणाने तिथे पोचला. फ्रेंचांना सी-एच म्हणजे ‘श’, म्हणून ‘च’ काढायला पुढे टी लावावा लागतो; इंग्रजांना त्या टीची काहीही गरज नव्हती, पण पाहुण्याबरोबर आलेले सामान त्यांनी तसेच ठेवून घेतले. रखमानिनोव स्वतःची सही दोन एफ देऊन करीत. त्यात अर्थ होता, कारण रशियन नावाच्या शेवटचा ‘व’ बोलताना ‘फ’ होतो. दारूच्या बाटलीवर स्मिर्नोवचेही असेच दोन एफ आहेत. इंग्रजीने पुढे हे एफ टाकून व्ही घेतला, पण ज्यांना एफ चिकटले होते त्यांना चिकटूनच राहिले. फ्रेंच लोक पुतिन यांच्या नावात एक ओ आणि शेवटी एक ई वाढवतात. तसे केले नाही तर फ्रेंच माणूस ते नाव असे वाचील, की तो शब्द या अंकात छापता यायचा नाही. म्हणजे प्रत्येक देश रशियन नाव आपल्या तोंडाच्या सोयीने लिहितो. फ्रेंच फ्रेंचांसाठी लिहितात, जर्मन जर्मनांसाठी, इंग्रज इंग्रजांसाठी. यात त्यांचे काहीच चुकत नाही. चुकते ते आपले. कारण आपण मराठी माणसासाठी लिहीत नाही, आपण इंग्रजांनी इंग्रजांसाठी लिहिलेले नकलून घेतो.

खुद्द रशियनांनाही या जाचातून सुटका नाही. यूलिया नावाची एक बाई मनात आणा. सोव्हिएत काळात रशियन पासपोर्टावर नावे फ्रेंच धर्तीने लिहीत, तेव्हा तिच्या नावात आय, ओ आणि यू अशी स्वरांची रांग होती. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस इंग्रजी वळण आले आणि ती वायने सुरू होऊ लागली. नंतर यंत्राने वाचायच्या पासपोर्टांचा आंतरराष्ट्रीय नियम आला, आणि आता ती आय, यू, एल, आय, आय, ए अशी लिहिली जाते. मनुष्य एक, आई-बापांनी ठेवलेले नाव एक, आणि कागदोपत्री तिघी. बँकेत आणि विमानतळावर या तिघी एकच आहेत हे पटवून देताना तिचे काय होत असेल, ते आपल्याकडे ज्यांच्या आधार कार्डावर एक आणि सातबारावर दुसरे नाव आहे त्यांना सांगायला नको.

आता आपल्या घरात येऊ. रशियन ‘त’ आणि ‘द’ हे दातांना जीभ लावून उच्चारायचे वर्ण आहेत. अगदी आपल्या ‘ताट’मधला ‘त’ आणि ‘दार’मधला ‘द’. इंग्रजी टी आणि डी हे हिरडीवरचे, आपल्या कानाला ते ‘ट’ आणि ‘ड’सारखे वाटतात. म्हणून आपण इंग्रजी टी दिसला रे दिसला की ‘ट’ लिहितो. त्यामुळे तोलस्तोयचा टॉलस्टॉय झाला, स्तालिनचा स्टॅलिन, दोस्तोयेवस्कीचा डोस्टोव्हस्की. तुर्गेनेवचा ‘टर्जिनेव्ह’ झालेलाही मी छापील पाहिला आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला, त्याचे नाव ‘स्पुत्निक’, म्हणजे सोबती, वाटेवरचा जोडीदार. आपण तो ‘स्पुटनिक’ केला, आणि २०२१ मध्ये त्याच नावाची लस आली तेव्हाही कित्येकांनी ‘ट’ सोडला नाही. पुतिन यांचा ‘त’ मात्र ‘त’च राहिला, कोणाच्या पुण्याईने कोण जाणे. म्हणजे जिभेला जमत नाही असे नाही. सत्तेवरच्या माणसाला ‘त’ मिळतो आणि ‘युद्ध आणि शांती’ लिहिणाऱ्याला ‘ट’, एवढाच याचा अर्थ.

आता याचीच उलट बाजू पाहा. १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर आले, तेव्हा लेनिनने आपल्या एका लेखात त्याची दखल घेतली. त्या लेखात टिळकांचे नाव ‘तिलाक’ असे वाचले जाईल असे लिहिले आहे. रशियनमध्ये ‘ट’ नाही, ‘ळ’ नाही, ऱ्हस्व ‘अ’ आणि दीर्घ ‘आ’ यांना वेगळी अक्षरे नाहीत. त्यांनी आपल्या ‘ट’चा ‘त’ केला, आपण त्यांच्या ‘त’चा ‘ट’. पण या दोन गोष्टी सारख्या नाहीत. त्यांच्याकडे ‘ट’ नव्हता. आपल्याकडे ‘त’ आहे. कोणी तरी तो वापरायला बंदी केल्यासारखे आपण वागतो. हिंदी वर्तमानपत्रांत ‘तिलक’ छापून आले की आपल्याकडच्या अभिमान्यांचे पित्त खवळते. त्यांना मी विचारते, तोलस्तोयची बाजू घेऊन असे कधी खवळला होतात काय?

‘झार’ची कथा तर याहून मासलेवाईक आहे. हा शब्द रोमन सीझरपासून निघाला. रशियनमध्ये त्याचा पहिला वर्ण आपल्या ‘चारा’, ‘चाक’, ‘चोर’ या शब्दांतला दंततालव्य ‘च’ आहे. चार या आकड्यातला नव्हे, गुरांच्या चाऱ्यातला. हर्बरस्टाइन नावाच्या राजदूताने १५४९ मध्ये रशियाविषयी लॅटिन ग्रंथ छापला, त्यात हा शब्द सी-झेडने लिहिला. इंग्रजांनी ते रूप उचलले आणि सी गिळून नुसता झेड उच्चारू लागले. झेड म्हटल्यावर आपण ‘झ’ लिहिला, आणि झारशाही जन्माला आली. ज्या भाषांना हा ‘च’ आयता अवगत आहे त्यांत मराठी आहे. हिंदीला तो नाही, इंग्रजीला तो शब्दाच्या आरंभी पेलत नाही. आपल्या घरात वस्तू असताना आपण शेजारणीकडे मागायला गेलो, आणि तिच्याकडे नव्हती म्हणून तिने दिली ती भलतीच वस्तू घेऊन आलो. झारीतला शुक्राचार्य म्हणतात तो हाच.

यावर तीन प्रकारची माणसे माझ्या अंगावर येतील, हे मला ठाऊक आहे.

पहिले म्हणतील, रूढ झाले ते झाले, आता कशाला उकरता? साने गुरुजींनी टॉलस्टॉयचा कलेवरचा ग्रंथ मराठीत आणला, त्यांच्या वेळी त्यांच्यापुढे इंग्रजीखेरीज दुसरे काय होते? काहीच नव्हते, आणि त्यांना नावे ठेवणारी मी कोण! कॉन्स्टन्स गार्नेट या इंग्रज बाईंनी रशियन साहित्याचे सुमारे ७० खंड इंग्रजीत आणले नसते तर आपल्या दोन पिढ्या त्या साहित्याला मुकल्या असत्या. हे ऋण मी मानते. पण वाघिणीचे दूध प्यालो म्हणून जन्मभर वाघिणीच्याच तोंडून बोलायचे काय? मॉस्को राहू द्या. शहरांची जुनी नावे प्रत्येक भाषेत आपापली असतात. टॉलस्टॉयही राहू द्या, मला त्यांचा पुतळा पाडायचा नाही. या लेखात मीसुद्धा त्यांना जागोजाग टॉलस्टॉयच म्हटले आहे. माझे म्हणणे पुढच्या नावांपुरते आहे, आणि शाळेपुरते आहे. मी वर्गात मूळ उच्चार समजावून दिला होता म्हणून आमच्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत ‘तोलस्तोय’ लिहिले. परीक्षकाने त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढून अर्धा गुण कापला. त्या मुलाचे जे बरोबर होते तेच चूक ठरले, आणि ठरवणाऱ्याला इंग्रजीतला टी यापलीकडे काही प्रमाण नव्हते. रूढी अशी असते.

दुसरे अतिशहाणे. यांनी दोन वर्षे कुठे रशियनचा वर्ग केलेला असतो. ते म्हणतात, मॉस्कोकर ‘तल्स्तोय’ म्हणतात आणि ‘दस्तयेफ्स्की’ म्हणतात, तेव्हा तसेच लिहिले पाहिजे. खरे आहे, ज्या ‘ओ’वर आघात नाही तो ‘ओ’ त्यांच्या बोलण्यात ‘अ’कडे झुकतो. पण हे ते लिहीत नाहीत, फक्त बोलतात! आपण ‘म्हंजे’ बोलतो आणि ‘म्हणजे’ लिहितो. उद्या कोणी परदेशी पंडित आपल्या पुस्तकात ‘म्हंजे’ छापून मराठीवर उपकार केल्याचा आव आणू लागला तर आपण त्याला काय म्हणू? नाव लिहायचे ते त्या माणसाने स्वतः ज्या अक्षरांनी लिहिले त्या अक्षरांवरून. तोंडाचा लोच ज्याचा त्याला लखलाभ. तेव्हा ‘तोलस्तोय’, ‘दोस्तोयेवस्की’, ‘चेखोव’. शेवटी ‘फ’ लिहा म्हणणाऱ्यांनी आधी त्याच चेखोवच्या बायकोचे नाव लिहून दाखवावे. ती ‘चेखोवा’ होते, आणि तिथे ‘व’ स्वच्छ ऐकू येतो.

तिसरे आपले नेहमीचे देवनागरीभक्त. देवनागरीत जगातला कोणताही ध्वनी लिहिता येतो, असे म्हणत ही मंडळी प्रत्येक संमेलनात उठतात. ही भाकडकथा शाळेत शिकवायची माझ्यावर पाळी येते, आणि दरवेळी माझी जीभ अडखळते. रशियन झेड-एचला आपल्याकडे अक्षर नाही. ब्रेझनेवच्या ‘झ’मध्ये आणि आपल्या ‘झाडा’च्या ‘झ’मध्ये काडीचे साम्य नाही. त्यांचा ‘ख’ आपल्या ‘खडू’तला नव्हे, उर्दूतल्या ‘खबर’मधला आहे. गोगोलच्या शेवटचा ‘ल’ मृदू आहे, आणि ते दाखवण्यासाठी त्यांनी एक अख्खे मुके अक्षर ठेवले आहे. इंग्रज ते अक्षर एका टिंबवजा रेघेने दाखवतात किंवा गाळतात, आपण तर गाळतोच. आणि लांब कशाला जायचे! ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन ‘च’ आपल्याला स्वतःच्या भाषेत वेगळे लिहिता येत नाहीत. मराठी न येणाऱ्याला आपली बाराखडी हेही सांगत नाही. शिवाय ‘इ’ किंवा ‘ए’ पुढे आला की आपला दंततालव्य ‘च’ टिकत नाही, तो चिंचेतला होतो. म्हणून सोल्झेनित्सिनला ‘त्स’ दिल्याखेरीज गती नाही. तेव्हा भक्तांनी जरा दमाने घ्यावे. आपली लिपी सर्वसमर्थ आहे असे माझे म्हणणेच नाही. रशियन नावांपुरती ती रोमनपेक्षा पुष्कळ बरी आहे, आणि आपण ती बरी असूनही वापरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा सगळा अक्षरांचा पोरखेळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी २०२२ चा फेब्रुवारी-मार्च आठवावा. युक्रेनवर रशियाने हल्ला केला तेव्हा महाराष्ट्रातलीही शेकडो मुले तिथे वैद्यकीय शिकत होती. आमच्या गावातल्या एका पालकांची मुलगी तिकडे होती. ते रोज सकाळी दोन वर्तमानपत्रे घेऊन माझ्याकडे येत. एकात ‘खारकोव’ आणि दुसऱ्यात ‘खार्किव्ह’. बाई, ही शहरे दोन की एक? बॉम्ब पडले ते माझ्या पोरीच्या गावावर की दुसऱ्या? शहर एकच, पहिले नाव रशियन रूपावरून आलेले, दुसरे युक्रेनियन. ‘लुगान्स्क’ आणि ‘लुहान्स्क’ यांचेही तेच, कारण जे अक्षर रशियनमध्ये ‘ग’ असते तेच युक्रेनियनमध्ये ‘ह’ असते. राजधानीचे नाव इंग्रजी वृत्तसंस्थांनी २०१९ पासूनच रशियन वळणावरून युक्रेनियन वळणावर आणले होते, आणि त्यामागे राजकारण होते, अस्मिता होती, एका देशाचा आपल्या नावावरचा हक्क होता. व्लादिमीर आणि वोलोदिमिर ही एकाच नावाची दोन रूपे, आणि ती धारण करणारे दोघे एकमेकांशी लढत होते. झेलेन्स्की यांच्या आडनावाचा शेवट इंग्रजीत कोणी एका वायने करतो, कोणी दोन वायने, कोणी आय-वायने. आपल्या वार्ताहरांपर्यंत यातले काहीही पोचले नाही. ज्या संस्थेची तार आली त्या संस्थेचे स्पेलिंग, आणि त्या स्पेलिंगचा मनाला येईल तो उच्चार. त्या पालकांच्या जिवाचे त्या आठवड्यात जे पाणी झाले त्यातले थोडे तरी या आळसाने झाले.

आणि ग्रंथालये. तालुक्याच्या वाचनालयात जाऊन दोस्तोयेवस्कीची मराठी पुस्तके मागा. काही ‘ड’मध्ये निघतील, काही ‘द’मध्ये. चेखोव शोधायचा तर चेकॉव्ह, चेखव, चेखॉव्ह अशा तिन्ही नावांनी हाका माराव्या लागतात. ग्रंथपाल बिचारे पुस्तकाच्या पाठीवर जे आहे ते लिहितात. एका लेखकाची पुस्तके एका फळीवर यावीत इतकी साधी अपेक्षा, आणि ती पुरी होत नाही.

करायचे काय ते अवघड नाही. रशियन अक्षराला देवनागरी अक्षर, अशी एक पानाची कोष्टकवजा यादी करावी. ती पाठ्यपुस्तकांनी, वर्तमानपत्रांनी आणि प्रकाशकांनी पाळावी. ‘त’ला ‘त’, ‘द’ला ‘द’, ‘ओ’ला ‘ओ’, शेवटी ‘व’, टिंबवाल्या अक्षराला ‘यो’, जिथे जमत नाही तिथे जवळचे. मधे इंग्रजी नको. मधे इंग्रजी नसताना काय होते याचा दाखला आपल्याच भूमीत आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर गावचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि पावसाळा त्याने जुन्नरला काढला. त्याने आपल्या प्रवासाचे टिपण लिहिले. त्यात चौल ‘चिविल’ आहे, बिदर ‘बेदेर’ आहे आणि जुन्नर ‘च्युनेर’. कानाला जे ऐकू आले ते त्याने आपल्या अक्षरांत लिहिले. ‘ज’ त्याच्याकडे नव्हता, म्हणून ‘च’ घेतला. चुकला असेल, पण स्वतःच्या कानाने चुकला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. जाणाऱ्यांनी ते जरूर पाहावे.

आणि तेहेतीस अक्षरे शिकणार कोण, असे विचारणाऱ्यांसाठी सांगते. गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला मी ती रिकाम्या तासांना शिकवली. आठ दिवसांत पोरांनी आपापली नावे रशियनमध्ये लिहून भिंतीवर लावली. ‘अनिता’ आणि ‘दत्ता’ पहिल्याच दिवशी सुटले. ‘बाळू’ने ‘ळ’ मागितला, तो नाही म्हटल्यावर तो ‘ल’वर कसाबसा राजी झाला. अडली ती ढमढेरे. रशियनमध्ये तिचा ‘ढ’ ‘द’पुढे तो घशातला ‘ख’ ठेवून लिहावा लागतो, आणि आडनावात दोन ‘ढ’. तिने ते नीट लिहिले, पुन्हा वाचले, आणि वही माझ्यापुढे धरून विचारले,

“बाई, यात माझा ढ कुठे आहे?”

तो नाही, असे मी तिला सांगितले. मग रशियन मुलांना तो शिकवायला कोणी जात का नाही, असे तिने विचारले, आणि तेवढ्यात तास संपला.